तातोबा मिस्त्रींचा विसावा

मला गोष्टी रंगवून सांगायची खोड आहे. दोह्यात आमच्या मराठी मंडळींचं कुठेही जेवण असलं, की लोक ताटं घेऊन माझ्याजवळ सरकतात आणि माझी बायको ताट घेऊन लांब जाते. तिने त्या सगळ्या गोष्टी ऐकलेल्या असतात. शिवाय त्यांतल्या निम्म्या घडल्या तेव्हा ती तिथे हजर होती, त्यामुळे मी कुठे किती मीठ घातलंय ते तिला बरोबर कळतं.

पण तातोबा मिस्त्रींबद्दल सांगायला लागलो की माझी पंचाईत होते. हा माणूस अठ्ठावीस वर्षं कतारमध्ये अवजड यंत्रं हलवत होता. जनरेटर, बॉयलर, पत्रे कापायच्या मशिनी, खोलीएवढे ट्रान्सफॉर्मर. एवढ्या वर्षांत एखादं यंत्र आडवं व्हायला हवं होतं, एखादा दोर तुटायला हवा होता, निदान कुणाची करंगळी तरी चेंगरायला हवी होती. काही नाही. एकदा मी वैतागून म्हणालो, "मिस्त्री, तुमच्यावर गोष्ट रचणं अवघड आहे. तुमच्या कामावर काही घडतच नाही."

"त्याचाच पगार घेतो सायेब," ते म्हणाले.

मी तेव्हा आमच्या कंपनीत यंत्रांची ने-आण बघणाऱ्या खात्याचा मॅनेजर होतो. माझं टेबल शहराच्या मध्यातल्या मुशैरिब भागात, काचेच्या इमारतीत, आणि मिस्त्रींचं राज्य सनैयात, म्हणजे शहराबाहेरच्या कारखान्यांच्या वस्तीत, आमच्या जुन्या यार्डात. ते सांगली जिल्ह्यातले, कृष्णाकाठच्या एका गावचे. उंची माझ्या खांद्याएवढी, वजन पन्नास किलो असेल-नसेल. हेल्मेटच्या आत ते पंचा बांधत, त्यामुळे हेल्मेट डोक्यावर न बसता डोक्याच्या वर तरंगल्यासारखं दिसे. शर्टाच्या एका खिशात खडू, दुसऱ्यात स्टीलचा छोटा पेला. पेला कशाला, ते पुढे येईल.

पहिल्या दिवशी मी यार्डात गेलो तो नव्या कोऱ्या बुटांत, लॅपटॉप काखेत मारून. एक कॉम्प्रेसर क्रेनने उचलायचा होता. मिस्त्रींनी यंत्राच्या अंगावर तळहात ठेवला. ताप आलेल्या पोराच्या पाठीवर ठेवतात तसा. मग त्याच्याभोवती हात न उचलता एक चक्कर मारली आणि मला विचारलं, "सायेब, हिचं वजन कुटं बसलंय?"

मी लॅपटॉप उघडला, आकृती दाखवली, आणि नाटकातला राजा जसा तलवार रोवतो तसा खडूने यंत्रावर मधोमध फुली मारली. "इथे."

मिस्त्रींनी माझ्या फुलीप्रमाणे पट्टे बांधले आणि क्रेनवाल्याला हाताने खूण केली, चार बोटं उचल. कॉम्प्रेसर चार बोटं वर आला आणि डाव्या अंगाला कलला. तसाच परत खाली ठेवला. सगळं यार्ड माझ्याकडे बघत होतं. मिस्त्रींनी पंच्याच्या टोकाने माझी फुली पुसली, खडू माझ्या हातात दिला आणि डावीकडे दीड हातावर बोट टेकवून हळूच म्हणाले, "तुमीच मारा. म्हंजे तुमचीच आसंल."

मी फुली मारली. कॉम्प्रेसर पाण्यावरच्या नावेसारखा सरळ उचलला गेला. त्या दिवसापासून मी त्यांच्यासमोर लॅपटॉप उघडला नाही, आणि त्यांनीही तो किस्सा कुणाला सांगितला नाही. तो मीच सगळीकडे सांगत असतो. मीठ न घालता चांगली लागणारी माझी तेवढी एकच गोष्ट आहे.

त्यांच्या कामाचे दोन नियम होते. पहिला, हुकमाला तोंड एकच. यंत्र हललं की मिस्त्रींशिवाय कुणी बोलायचं नाही. त्यांच्या टोळीत दोन नेपाळी, एक केरळचा वेल्डर आणि एक बिहारी, पण काम सुरू असताना तिथे एवढी शांतता असे की लांबच्या मशिदीतली बांग शब्दन् शब्द ऐकू यावी.

दुसरा नियम विसाव्याचा. वाट वीस हातांची असो की दोनशे, निम्म्यावर आलं की मिस्त्री मूठ वर करत. चाकांना पुढून-मागून लाकडी पाचरी लागत, साखळीचा ताण उतरे, आणि सगळ्यांनी यंत्रापासून दूर जाऊन खाली बसायचं. बसायचं म्हणजे बुड टेकून बसायचं. थर्मासमधून सुलेमानी येई, म्हणजे आपला बिनदुधाचा चहा. मिस्त्री त्यांच्या पेल्यात पहिला चहा ओतून यंत्रावर नेऊन ठेवत. दहा मिनिटांनी तो पेला उचलत, थंड झालेला चहा स्वतः पीत, सगळ्या यंत्रावरून एकदा तळहात फिरवत, आणि मग काम पुन्हा सुरू.

मी सुरुवातीला विचारलं होतं, हे कशासाठी.

"गावाकडं मयत न्हेताना सुदिक मधी टेकवत्यात न्हवं? खांदेकरी दमतो. त्याला ते ठावं नसतं, म्हणून टेकवायचं. आन् ओझं बी बसतं जरा. बसलं की त्याचं खरं काय ते कळतं."

"आणि यंत्रावर चहा?"

"त्यो मलाच. गरम प्यालं की माणूस घाईनं उठतो."

हा विसावा माझ्या घरीही येऊन गेला. मदिनत खलीफातल्या घरात आम्ही नवे होतो. आधीच्या भाडेकरूने ठेवून दिलेलं लोखंडी कपाट पुढच्या खोलीतून आतल्या खोलीत न्यायचं होतं. सासूबाई नाशिकहून आल्या होत्या आणि त्यांनी दोन दिवसांत त्यात स्वतःच्या आणि लेकीच्या मिळून सगळ्या साड्या रचून टाकल्या होत्या. मी मिस्त्रींना शुक्रवारी जेवायला बोलावलं आणि कपाटाचं सहज बोललो. ते प्लॅस्टिकच्या नळीचे चार तुकडे घेऊन आले.

"साड्या काढू का?" बायकोने विचारलं.

"नगं वैनी. वजन आसलं म्हंजे ते नीट वागतं."

खरोखरच ते कपाट त्या नळ्यांवरून डोलत डोलत निघालं. मागची नळी पुढे, मागची नळी पुढे. निम्म्या वाटेवर, म्हणजे बरोबर स्वयंपाकघराच्या दारात, मिस्त्रींनी मूठ वर केली आणि ते जमिनीवर बसले. सासूबाई स्वयंपाकघरात पुऱ्या तळत होत्या. आता त्या आत आणि आम्ही बाहेर, मध्ये कपाट. फटीतून फक्त त्यांचा चष्मा दिसत होता.

"जावईबापू, हे काय झालं?"

"विसावा आहे," मी म्हणालो. "दहा मिनिटं."

"कुणाला?"

"कपाटाला."

आमची सात वर्षांची मुलगी, जिला मराठी सगळं कळतं पण उत्तर इंग्रजीतच येतं, मिस्त्रींसमोर मांडी घालून बसली. "इज द कपर्ड टायर्ड?"

मिस्त्रींना इंग्रजी येत नव्हतं, पण प्रश्न कळला. "कपाट न्हाई गं बाय. आपुन. आपल्याला वाटतं आपुन दमलो न्हाई."

मग त्यांनी मयताचं उदाहरण दिलं आणि कपाटामागून सासूबाई म्हणाल्या, "सणावाराच्या साड्या आहेत त्यात. जरा शुभ बोला." फटीतून त्यांनी एक पुरी बाहेर दिली. मिस्त्रींनी ती कपाटावर ठेवली आणि दहा मिनिटांनी खाल्ली.

हसू येतं ना? मलाही येत होतं. त्याच दुपारी जेवण झाल्यावर मिस्त्री गच्चीत गेले आणि गावी फोन लावला. दर शुक्रवारी लावत. मी पानाचा डबा घेऊन मागोमाग गेलो, त्यामुळे ऐकू आलं. पलीकडून एक जाड, म्हातारा आवाज. राम राम नाही, पाऊसपाणी नाही. एकच प्रश्न.

"कुणाला लागलं न्हाई न्हवं?"

"न्हाई दादा."

"बरं." आणि फोन बंद.

मी विचारलं नाही. मी, जो बसमध्ये शेजारच्या माणसाचं लग्न का मोडलं हे दोन थांब्यांत काढून घेतो, त्याने विचारलं नाही. पुढे वर्षभराने एका दुपारी यार्डात आम्ही बंदरावरून येणाऱ्या कंटेनरची वाट बघत बसलो होतो, तेव्हा त्यांनी आपणहून सांगितलं, तेही एकदाच.

तरुणपणी ते आणि त्यांचा थोरला भाऊ गावाजवळच्या साखर कारखान्यात यंत्रं हलवणाऱ्या टोळीत होते. विसाव्याची रीत त्या टोळीच्या म्हाताऱ्या उस्तादाची. एका वर्षी गळीत हंगाम सुरू व्हायचा होता, मोळी टाकायला मोठी माणसं यायची होती, मांडव पडला होता, आणि ऊस पिळायचा लोखंडी रोलर अजून गिरणीत बसायचा होता. निम्म्या वाटेवर उस्ताद म्हणाला, टेकवा. पुढची पहार तातोबांच्या हातात होती. वय वीस, अंगात रग.

"मी म्हणलो, उस्ताद, आज एक दिस ऱ्हाऊ द्या. चार हात तर ऱ्हायल्यात. उस्ताद माझ्याकडं बगून गप बसला. मी पहार घातली. पाचर कवा सरकलेली ती कुणी बगितलीच न्हवती. टेकवलं असतं तर बगितली असती. दादा पलीकडच्या अंगाला हुता."

गुडघ्याखालून पाय गेला.

"मग दादा काय म्हणाले?"

"काय न्हाई. आजतागायत न्हाई. घरी आणला, सकाळी उठून दारातल्या कट्ट्यावर बसला, तो अजून तिथंच बसतोय. मी कामावरनं आलो की इचारायचा, आज कुणाला लागलं न्हाई न्हवं? बास. त्यानं येकदा शिव्या घातल्या असत्या ना सायेब, तर मी गावात ऱ्हायलो असतो."

कंटेनर आला. ते उठले आणि कामाला लागले. तेव्हा मला कळलं, की हा माणूस इतकी वर्षं इथे पैसे मिळवायला नव्हे, तर त्या कट्ट्यापासून लांब राहायला थांबला आहे, आणि दर शुक्रवारी एका प्रश्नाचं उत्तर 'न्हाई' असं देता यावं एवढ्यासाठी सहा दिवस काम करतो आहे. सुट्टीवर ते दोन वर्षांतून एकदा जात, पंधरा दिवसांची घेत, आणि दहाव्या दिवशी परत येत.

आता एका फोर्कलिफ्टची गोष्ट. दोन वर्षांपूर्वी आमचं जुनं यार्ड सोडायचं ठरलं. नवी जागा अल रय्यानच्या बाजूला. सगळं हललं, शेवटी मागच्या शेडमध्ये एक जुनी फोर्कलिफ्ट उरली. सात टन उचलणारी, स्वतः दहा टनांची, चार वर्षं बंद. इंजिन जाम, बॅटरी केव्हाच गेलेली, पुढच्या चाकांचे ब्रेक गंजून चिकटलेले, आणि तेल झिरपून गेल्यामुळे पुढचे दोन लोखंडी दात जमिनीवर पडलेले, म्हाताऱ्या बैलाने मान टाकावी तसे. भंगारात द्यावी असं सगळ्यांचं मत. पण कंपनीच्या कतारी मालकांना ती हवी होती. त्यांच्या वडिलांनी घेतलेलं ते पहिलं यंत्र. नव्या यार्डाच्या फाटकाशी रंगवून ठेवायचं होतं.

शेडचं छप्पर ठेंगणं, त्यामुळे क्रेन आत येत नव्हती. शेडपासून फाटकापर्यंत भुसभुशीत वाळू, त्यामुळे ट्रक आत येत नव्हता. मिस्त्रींनी तीन दिवस त्या म्हाताऱ्या यंत्राची सेवा केली. दात चेनपुलीने वर उचलून साखळीने वरच्या खांबाला बांधले. जॅकने पुढचं अंग उचलून अडकलेल्या चाकांखाली लोखंडी रोलरच्या गाड्या घातल्या. फाटकापर्यंतची वाट अनवाणी चालून पाहिली, कुठे वाळू पोकळ लागते ते पायाला कळतं म्हणून. मग वाळूवर लोखंडी पत्रे अंथरले. मधोमध एका पत्र्यावर खडूने फुली. तो विसावा.

त्याच आठवड्यात आणखी एक गोष्ट टेबलावर होती. मिस्त्रींची साठी पूर्ण झाली होती. साठीनंतर कंपनीत ठेवायचं तर दर वर्षी आमच्या जनरल मॅनेजरची सही लागे. कागद मीच तयार करून पाठवला होता. मिस्त्रींनी मला आयुष्यात एकदाच काही मागितलं ते हेच. "अजून येक वरीस बगा सायेब. लगीच कट्ट्यावर जाऊन बसायची हिंमत न्हाई."

यार्ड सोपवायच्या दिवशी सकाळी काम सुरू झालं. फाटकात पेशावरचा खान त्याचा रिकव्हरी ट्रक, म्हणजे बंद गाड्या ओढून नेणारा ट्रक, उलटा लावून उभा, त्यावरच्या विंचची, म्हणजे ओढयंत्राची, तार आत शेडपर्यंत नेलेली. मिस्त्रींनी हाताने खूण केली की तार चार बोटं ओढली जाई, फोर्कलिफ्ट कण्हत पुढे सरके, मागचा पत्रा उचलून पुढे येई. कुणी बोलत नव्हतं. बाराला जागेचे मालक किल्ल्या घ्यायला येणार होते. साडेअकराला फोर्कलिफ्ट खडूच्या फुलीवर आली आणि मिस्त्रींनी मूठ वर केली.

त्याच वेळी जनरल मॅनेजरची गाडी फाटकात शिरली, आणि मागोमाग जागेच्या मालकांची माणसं, अर्धा तास आधीच. जनरल मॅनेजर खाली उतरले तेव्हा त्यांना दिसलं ते हे: रिकाम्या यार्डाच्या मधोमध पिवळं धूड उभं, आणि एक छोटा माणूस त्याच्या सीटवर चहाचा पेला ठेवतो आहे.

"व्हाय इज इट स्टॉप्ड?"

"टेन मिनिट, सर," मिस्त्री म्हणाले. त्यांचं सगळं इंग्रजी तेवढंच होतं.

"नो टेन मिनिट्स. यल्ला, मूव्ह इट."

जनरल मॅनेजर माझ्याकडे वळले. पाहुण्यांसमोर त्यांचा चेहरा लाल झाला होता. मला दिसत होतं की हा प्रश्न दहा मिनिटांचा राहिलेला नाही. आणि त्यांच्या टेबलावर पडलेला सहीचा कागदही मला दिसत होता. मी मिस्त्रींजवळ गेलो, आणि जे बोललो ते आजवर कुठल्याही जेवणात सांगितलेलं नाही. मी म्हणालो, "मिस्त्री, आज एक दिवस राहू द्या. थोडंच तर राहिलंय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. उलट मी त्यांच्या ओळखीचा कुणीतरी असल्यासारखं.

"सायेब," ते म्हणाले, "मी बी आसंच म्हणलो हुतो."

आणि ते वाळूत बसले. बुड टेकून.

टोळीतल्या चौघांनी आधी जनरल मॅनेजरकडे पाहिलं, मग मिस्त्रींकडे. त्यांच्याही नोकऱ्या होत्या, त्यांचेही कागद कुणाच्या तरी टेबलावर होते. एक नेपाळी बसला. मग दुसरा. मग वेल्डर आणि बिहारी एकदमच. फाटकातल्या खानाने विंच बंद केला, केबिनमधून उतरला आणि ट्रकच्या सावलीत टेकला. "उस्ताद बैठ गया तो काम बैठ गया," तो कुणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाला. उभे होतो ते आम्ही कोटवाले. मीही बसायला हवं होतं. मी बसलो नाही. मध्येच उभा राहिलो, ना इकडचा ना तिकडचा.

दहा मिनिटं किती मोठी असतात हे मला त्या दिवशी कळलं. जनरल मॅनेजरने घड्याळ पाहिलं, पाहुण्यांना घेऊन ते गाडीत जाऊन बसले, गाडी निघून गेली. मिस्त्रींनी त्या गाडीकडे बघितलंसुद्धा नाही. वेळ झाल्यावर ते उठले, सीटवरचा पेला उचलून थंड चहा प्यायले, आणि फोर्कलिफ्टवर तळहात ठेवून चक्कर मारू लागले. चाकं, रोलरच्या गाड्या, तार. दात बांधलेल्या साखळीपाशी हात थांबला. त्यांनी साखळी हलवून बघितली. आकडा सोडवला, साखळी एक कडी आवळली, आकडा पुन्हा अडकवला.

"चला," ते म्हणाले.

फोर्कलिफ्ट फाटकापर्यंत गेली. खानाने ट्रकचा पाटा कलता केला, तिला जड मागच्या अंगाने वर ओढून घेतलं, चाकांना पाचरी लागल्या, चार कोपऱ्यांना साखळ्या. दुपारी तीनला ती अल रय्यानच्या नव्या यार्डात फाटकाशी उभी होती. काही झालं नाही. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. ती एक कडी आवळली नसती तर काय झालं असतं किंवा नसतं, हे मला आजही माहीत नाही. मिस्त्रींनाही नव्हतं. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "ते कळू नये म्हणूनच तर बसायचं."

कागदावर सही झाली नाही. मी जनरल मॅनेजरकडे गेलो. ते ओरडले नाहीत, मला कॉफी दिली. म्हणाले, माणूस म्हातारा झाला आहे, त्याला आता आराम करू द्या. मी दोन वाक्यं बोललो. दहा बोलायला हवी होती. लोकांसमोर तासतासभर अखंड बोलणारा मी, त्या खोलीत दोन वाक्यांत संपलो.

हे मिस्त्रींना सांगायला मी शुक्रवारी त्यांच्या खोलीवर गेलो. त्यांनी फक्त तारीख विचारली. मग म्हणाले, "तुमी मला बसू नगा म्हणाला, ते मनाला लावून घिऊ नगा. माझ्या उस्तादानं माझं ऐकलं, त्याचं मी आजवर लावून घेतलंय. मी तुमचं ऐकलं न्हाई. तुमी सुटला."

नेहमीच्या वेळी त्यांनी फोन लावला.

"कुणाला लागलं न्हाई न्हवं?"

"न्हाई दादा."

"बरं."

यावेळी त्यांनी फोन ठेवू दिला नाही. "दादा," ते घाईघाईने म्हणाले. "मी येतोय. आता कायमचा."

पलीकडे कुठेतरी एक रेडकू ओरडत होतं. मग तो जाड आवाज म्हणाला, "ये. कट्ट्यावर सरकून बसतो. जागा हुईल."

मिस्त्री फोन हातात धरून बसून राहिले. मी पाण्याचा पेला पुढे केला. त्यांनी तो घेतला, शेजारी ठेवला, आणि मी तिथे होतो तोवर उचलला नाही.

विमान दुपारचं होतं. टोळीतल्या चौघांना सुट्टी नव्हती. त्यांनी आदल्या दिवशी मिस्त्रींची पत्र्याची ट्रंक दोराने बांधून दिली होती. ती सामानात गेली. हातात एकच कापडी पिशवी राहिली, तिलाही दोर. विमानतळावर ज्या दोरीपलीकडे मला जाता येत नव्हतं, तिच्यापाशी आम्ही थांबलो. मी एक भाषण तयार केलं होतं, चांगलं होतं. त्यांनी माझ्या छातीवर तळहात ठेवला, यंत्रावर ठेवत तसा, आणि क्षणभर तसाच राहू दिला. माझं वजन कुठे बसलंय ते त्यांना कळलं असावं. भाषण राहून गेलं.

ते वळले आणि चालू लागले. समोर त्या प्रचंड, चकचकीत दालनाचा विस्तार, आणि पलीकडे तपासणीची फाटकं. लोक ट्रॉल्या ढकलत धावत होते. मिस्त्री निम्म्या वाटेवर गेले आणि थांबले. पिशवी खाली ठेवली. मग त्या संगमरवरी फरशीवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या मधोमध, बुड टेकून बसले.

गणवेशातली एक मुलगी लगबगीने त्यांच्याजवळ आली, वाकून काहीतरी विचारू लागली. त्यांनी तिला दोन्ही पंजे उघडून दाखवले. दहा. ती गोंधळून उभी राहिली, मग गेली.

ते माझ्याकडे पाठ करून बसले होते. मी घड्याळ पाहिलं नाही. माझ्याही मागे लोक खोळंबले होते, कुणीतरी मला बाजूला व्हायला सांगत होतं. मी दोरीच्या अलीकडे भिंतीला टेकून खाली बसलो.

बऱ्याच वेळाने ते उठले. पिशवीवरून एकदा तळहात फिरवला. एका ठिकाणी हात थांबला. त्यांनी दोराची गाठ सोडवली, दोर जरासा ओढला, गाठ पुन्हा मारली, आणि फाटकाकडे निघाले.